घरासाठी तयार राउटर घ्यावा की स्वतःच बनवावा? जरीपटक्यातल्या एका तीनमजली घराचं गणित

प्लॅन २०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये स्पीड टेस्ट केली की १९० दिसतात. पण वरच्या मजल्यावर गेलं की व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओसुद्धा गोल गोल फिरत बसतो. मग कंपनीला फोन, केबलवाल्याला फोन, शेवटी "राउटरच बदला" असा सल्ला.

इथून पुढे दोन रस्ते फुटतात. दुकानदार सांगतो, चार अँटेनावाला घ्या, सगळं घर कव्हर होईल. यूट्यूबवरचा एखादा तंत्रज्ञ सांगतो, हे बाजारातले डबे काही कामाचे नाहीत, छोटा कॉम्प्युटर घ्या आणि स्वतःचा राउटर बनवा. पहिल्यात दोन-चार हजार जातात, दुसऱ्यात पंधरा-वीस हजार. आणि दोन्ही करून वरच्या खोलीत रेंज आली नाही, असंही होऊ शकतं.

असं का होतं, आणि पैसे नेमके कुठे घालायचे, हे समजून घेण्यासाठी नागपूरच्या जरीपटक्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू.

उत्तर नागपुरातला हा भाग फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वसवला आणि वाढवला. आज इथे मोठी बाजारपेठ आहे. भिंतीला भिंत लागून घरं, खाली दुकान आणि वर दोन मजले, अशी रचना बरीच दिसते. आपलं उदाहरणातलं घरही तसंच आहे. खाली वडिलांचं कापडाचं दुकान. तिथे बिलिंगचा कॉम्प्युटर, यूपीआयचं बोलणारं मशीन आणि चार कॅमेरे. पहिल्या मजल्यावर हॉल, स्वयंपाकघर, आजी-आजोबांची खोली आणि टीव्ही. दुसऱ्या मजल्यावर पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारा मुलगा आणि ऑनलाइन क्लास करणारी मुलगी. इंटरनेटचा डबा दुकानाच्या काउंटरमागे, कारण जोडणी घेतली तेव्हा केबल तिथेच आली.

या घरात इंटरनेट बंद पडलं की नुसती करमणूक थांबत नाही. वडिलांचं बिलिंग, मुलाची मीटिंग आणि मुलीची टेस्ट, सगळं एकाच वेळी अडतं.

एका डब्यात तीन यंत्रं

आपण ज्याला सरसकट राउटर म्हणतो, तो खरं तर तीन कामं करणारा डबा असतो.

पहिलं काम बाहेरून आलेली लाइन समजून घेण्याचं. फायबरच्या जोडणीत काचेच्या तारेतून येणारा प्रकाश इंटरनेटच्या सिग्नलमध्ये बदलावा लागतो. हे काम करणाऱ्या यंत्राला ओएनटी म्हणतात. ते कंपनीच देते आणि बहुतेक वेळा कंपनीचंच वापरावं लागतं.

दुसरं काम खऱ्या राउटरचं. घरात पंधरा उपकरणं आणि बाहेर जायला रस्ता एकच. कुणी काय मागवलं, आलेलं उत्तर कुणाला द्यायचं, बाहेरून कुणाला आत येऊ द्यायचं नाही, हे सगळं तो बघतो. सोसायटीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसलेला वॉचमन आठवा, म्हणजे कल्पना येईल.

तिसरं काम वायफायचं. म्हणजे रेडिओलहरी सोडणं आणि पकडणं. या यंत्राला ॲक्सेस पॉइंट म्हणतात.

आता मुद्द्याची गोष्ट. "स्वतःचा राउटर बनवा" असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा त्यात मधलं, दुसरं यंत्र बनवायचं असतं. वॉचमन बदलायचा असतो. पण घरातली तक्रार बहुतेक वेळा तिसऱ्या यंत्राची असते. वॉचमन कितीही हुशार नेमला, तरी त्याचा आवाज दुसऱ्या मजल्यावर पोचत नसेल तर तो प्रश्न तसाच राहतो. राउटरवर वायफळ गेलेल्या पैशांचा मोठा वाटा याच गोंधळात जातो.

आधी दुखणं ओळखा

खरेदीआधी पंधरा मिनिटांची एक तपासणी करता येते. त्याला खर्च शून्य.

• लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडा आणि स्पीड बघा. इथेच स्पीड कमी असेल, तर दोष लाइनचा, प्लॅनचा, केबलचा किंवा डब्याच्या पोर्टचा आहे.

• मग डब्यापासून पाच-सहा फुटांवर उभं राहून, ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर फोनने स्पीड बघा. केबलवर चांगला आणि इथे वाईट असेल, तर डब्यातलं वायफाय जुनं किंवा कमकुवत आहे.

• शेवटी त्याच फोनने वरच्या खोलीत जाऊन बघा. जवळ चांगला आणि वर वाईट असेल, तर दोष अंतराचा, भिंतींचा आणि स्लॅबचा आहे.

• आणखी एक चाचणी. घरातलं कुणी मोठा व्हिडिओ गुगल ड्राइव्हवर चढवत असताना दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडकतो का, ते बघा. स्पीड पुरेसा असूनही कॉल अडकत असेल, तर दोष वॉचमनचा म्हणजे राउटरचा आहे.

पहिल्या चाचणीत केबलवर बरोबर ९०-९५ एमबीपीएसच दिसत असतील, तर एक खास गोष्ट तपासा. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त राउटरांवर "१२०० एमबीपीएस" असं ठळक छापलेलं असतं, पण मागचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. मग प्लॅन २०० चा घ्या नाहीतर ५०० चा, पुढे ९५ च जाणार. लॅन केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली तरी वेग असाच १०० वर येऊन थांबू शकतो.

स्लॅब, भिंती आणि नागपूरचा कूलर

आपल्या उदाहरणातल्या घरात तिसरी चाचणी नापास होते. कारण समजायला सोपं आहे. वायफाय म्हणजे रेडिओलहरी. लाकडाच्या दारातून त्या बऱ्यापैकी जातात, विटांच्या भिंतीत थोड्या अडतात, आणि लोखंडी सळ्या घातलेल्या स्लॅबमध्ये जास्तच मार खातात. डबा तळमजल्यावर आणि खोली दुसऱ्या मजल्यावर असेल, तर मध्ये असे दोन स्लॅब येतात.

वायफायचे दोन मुख्य पट्टे आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, पण त्यात एकमेकांच्या वाटेत न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत शेजारच्या दहा-बारा घरांचे राउटर याच तीन चॅनेलवर बोलत असतात. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची खुडबुडही इथेच. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा भरपूर आणि वेगही जास्त, पण भिंतीतून जायची ताकद कमी.

त्यात नागपूरच्या उन्हाळ्याचा कूलर. खिडकीत बसवलेला पत्र्याचा मोठा कूलर म्हणजे धातू आणि पाणी, दोन्ही एकत्र. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. डबा आणि खोली यांच्या बरोबर मध्ये कूलर आला, तर मार्चमध्ये चांगलं चालणारं वायफाय एप्रिलमध्ये अचानक रडायला लागू शकतं. तोच प्रकार लोखंडी कपाट, फ्रिज आणि गच्चीखालच्या पाण्याच्या टाकीचा.

मग जास्त ताकदीचा राउटर घेतला तर? इथे एक गंमत आहे. वायफाय हा दोघांचा संवाद आहे. राउटर मोठ्याने ओरडला तर फोनला ऐकू येईल, पण फोन छोट्या बॅटरीवर चालतो. त्याची कुजबुज राउटरपर्यंत पोचली पाहिजे ना! म्हणून फोनवर वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि तरी पान उघडत नाही. शिवाय भारतात हे पट्टे लायसन्सशिवाय वापरता येतात ते ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेतच. २.४ गिगाहर्ट्झसाठी ही मोकळीक २००५ मध्ये मिळाली आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये मोकळा झाला. राउटरमध्ये दुसऱ्याच देशाचं नाव टाकून ताकद वाढवण्याची युक्ती यूट्यूबवर सांगितली जाते, ती या नियमात बसत नाही.

या घराचं खरं औषध साधं आहे. डबा काउंटरमागून काढून पहिल्या मजल्यावर, जिन्याजवळ आणायचा. फायबरची तार वर नेण्याचं काम लाइनवाल्याकडून करून घ्यायचं. आणि दुसऱ्या मजल्यावर एक वेगळा ॲक्सेस पॉइंट लावून तो लॅन केबलने जोडायचा. भिंतीतून केबल नेणं शक्य नसेल, तर जिन्याच्या बाजूने पट्टी मारून नेता येते. अगदीच नसेल जमत, तर मेश राउटरची जोडी. पण मेशचे दोन डबे आपापसात वायफायनेच बोलत असतील, तर वेगाचा काही भाग त्या बोलण्यात खर्च होतो. स्वस्त रिपीटरमध्ये तर वेग साधारण निम्म्यावर येतो, कारण तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो.

म्हणजे इथपर्यंत स्वतःचा राउटर बनवण्याची गरजच पडली नाही. मग लोक तो बनवतात कशासाठी?

ही कल्पना आली कुठून?

२००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. तो जगभर तुफान खपला. पुढच्याच वर्षी काही जाणकारांच्या लक्षात आलं की या डब्याच्या आत लिनक्स चालतं. लिनक्स फुकट वापरता येतं, पण त्याच्या परवान्यात एक अट आहे: ते घालून वस्तू विकली, तर त्याचा सोर्स कोडही द्यावा लागतो. आरडाओरडा झाला आणि २००३ मध्ये कंपनीला तो कोड खुला करावा लागला.

झालं! लोकांनी तो कोड घेऊन त्यात सुधारणा सुरू केल्या. २००४ मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं डब्ल्यूआरटी हे त्या डब्याचंच. आज हे सॉफ्टवेअर शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतं. याच काळात साध्या कॉम्प्युटरला राउटर बनवणारं पीएफसेन्स आलं आणि २०१५ मध्ये त्यातूनच ओपीएनसेन्स निघालं.

म्हणजे "स्वतःचा राउटर" ही हार्डवेअरची हौस म्हणून जन्माला आली नाही. आपण विकत घेतलेल्या डब्यात काय चालतं ते आपल्याला दिसावं आणि बदलता यावं, यासाठी ती आली.

बनवायचा म्हणजे काय लागतं?

दोन किंवा जास्त लॅन पोर्ट असलेला छोटा कॉम्प्युटर, त्यावर वरच्यापैकी एक सॉफ्टवेअर, आणि वायफायसाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट. इंटेलच्या एन१०० सारख्या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचे, चार पोर्टचे आणि पंखा नसलेले मिनी पीसी यासाठी लोकप्रिय आहेत. रॅम आणि स्टोरेज धरून खर्च साधारण १५ हजारांच्या पुढे जातो. ॲक्सेस पॉइंटचे पैसे वेगळे.

रास्पबेरी पाय चालेल का? चालतो. पण त्याला लॅनचं एकच पोर्ट असतं, दुसरं यूएसबीतून काढावं लागतं. आणि त्याचं स्वतःचं वायफाय घरभर पोचण्यासाठी बनलेलं नाही.

घरात पडलेला जुना डेस्कटॉप वापरला तर फुकटात काम होईल, असं वाटतं. इथे विजेचा हिशोब करायलाच हवा. राउटर वर्षभर, दिवसाचे २४ तास चालू असतो. १० वॅटचा डबा वर्षाला साधारण ८८ युनिट खातो. ६० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप वर्षाला ५२५ युनिट खातो. युनिटमागे १० रुपये धरले, तर वर्षाला चार हजारांहून जास्त फरक पडतो. तीन वर्षांत तेवढ्यात मिनी पीसीचे बरेचसे पैसे निघतात.

दुसरा प्रश्न उन्हाचा. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात पंखा नसलेला मिनी पीसी बंद कपाटात किंवा गच्चीखालच्या खोलीत माळ्यावर ठेवला, तर तो तापून स्वतःचा वेग कमी करतो नाहीतर बंद पडतो. तयार राउटरलाही हे लागू आहे. डबा कुठलाही असो, त्याच्या चारी बाजूंनी हवा खेळली पाहिजे. टीव्हीमागे, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर राउटर ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं.

तिसरा प्रश्न वीज जाण्याचा. बहुतेक तयार राउटर १२ व्होल्टवर चालतात, त्यांना वहीएवढा छोटा यूपीएस पुरतो. स्वतः बनवलेल्या सेटअपमध्ये ओएनटी, मिनी पीसी आणि ॲक्सेस पॉइंट, तिघांनाही बॅकअप लागतो. एकाचा जरी सुटला तरी नेट गेलं.

मग फायदा काय?

फायदे खरे आहेत, फक्त ते कोणासाठी आहेत हे बघायला हवं.

पहिला फायदा रांगेचा. घरातून कुणी मोठी फाइल चढवायला घेतली की राउटरमध्ये तिच्या तुकड्यांची लांबलचक रांग लागते. व्हिडिओ कॉलचा छोटासा तुकडा त्या रांगेत मागे उभा राहतो आणि पलीकडच्याला तुमचा आवाज तुटक ऐकू येतो. रेशनच्या दुकानात पाच पोती नेणाऱ्याच्या मागे पावशेर साखरेवाला ताटकळावा, तसं. याला बफरब्लोट म्हणतात. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएम नावाची सोय आहे. ती प्रत्येकाची रांग वेगळी करते आणि छोट्या ग्राहकाला आधी सोडते. पण या कामाला प्रोसेसर दमदार लागतो. १०० एमबीपीएसला बरेच चांगले तयार राउटर पुरतात. ५०० किंवा १००० एमबीपीएसला मिनी पीसीचा जोर कामी येतो.

दुसरा फायदा वेगवेगळ्या वाड्यांचा. दुकानातले कॅमेरे, यूपीआयचं मशीन आणि घरातले फोन एकाच नेटवर्कवर असणं बरं नाही. स्वस्तातला एखादा कॅमेरा हॅक झाला, तर तिथून बिलिंगच्या कॉम्प्युटरपर्यंतचा रस्ता उघडा असतो. स्वतःच्या राउटरवर दुकान, घर, कॅमेरे आणि पाहुणे अशी चार नेटवर्कं करता येतात, आणि कोण कुणाशी बोलू शकतं तेही ठरवता येतं. तयार राउटरमधलं "गेस्ट नेटवर्क" हे त्याचंच छोटं रूप आहे.

तिसरा फायदा दोन जोडण्यांचा. एक फायबर बंद पडला की दुसऱ्यावर किंवा सिमच्या डोंगलवर आपोआप जाणं. घरून काम करणाऱ्याला आणि दुकानाला याची किंमत कळते.

चौथा फायदा सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. तो म्हणजे अपडेट.

राउटर उघडा राहिला की काय होतं?

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल आला होता. तपास यंत्रणा त्याच्या आयपी पत्त्याचा माग काढत नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी पोचल्या. ईमेल त्याने पाठवला नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्यानेच वापरलं होतं. पुढच्या काही आठवड्यांत अशाच प्रकारे इतरांची जोडणी वापरून मुंबईतून आणखी ईमेल गेले. त्यानंतर पोलिसांनी शहरात फिरून उघडी वायफाय शोधायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित करण्याबाबत सूचना काढल्या.

आज बहुतेकांच्या वायफायला पासवर्ड असतो. पण कुलूप लावलं आणि कुलूपच सदोष निघालं तर? मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस उघडकीला आला. ५४ देशांमधले किमान ५ लाख राउटर आणि स्टोरेजचे डबे त्याने बाधित केले होते. त्यात नावाजलेल्या कंपन्यांचे घरगुती राउटरही होते. शेवटी अमेरिकेच्या एफबीआयला लोकांना सांगावं लागलं की आपापले राउटर एकदा बंद करून चालू करा.

अशा फटी बुजवण्याचा एकच मार्ग म्हणजे कंपनीकडून येणारं अपडेट. फोन घेताना "किती वर्षं अपडेट मिळेल?" असं हल्ली लोक विचारतात. राउटर घेताना अँटेना मोजतात. आणि राउटर फोनपेक्षा जास्त वर्षं घरात राहतो. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला: सरसकट एकच सोपा पासवर्ड टाकून उपकरण विकायचं नाही, आणि सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते ग्राहकाला आधीच सांगायचं.

स्वतः बनवलेल्या राउटरवर कंपनीची वाट बघावी लागत नाही. सॉफ्टवेअर चालवणारा प्रकल्प जिवंत आहे तोपर्यंत अपडेट येत राहतं. पण ते टाकण्याचं काम मात्र तुमचं.

मधला रस्ता

इथे बरेच जण विसरतात की पूर्ण तयार आणि पूर्ण स्वतःचं, यांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा तयार राउटर घ्यायचा आणि कंपनीचं सॉफ्टवेअर काढून ते टाकायचं. डबा तोच, वीज तेवढीच, वायफाय आतच. वरून रांगेची सोय, वेगळी नेटवर्कं आणि अपडेट मिळतात.

त्यासाठी खरेदीआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरच्या यादीत मॉडेलचं नाव आणि हार्डवेअर व्हर्जन, दोन्ही जुळवून बघावं लागतं. एकाच नावाच्या डब्यात व्हर्जन बदललं की चिप बदललेली असते. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असलेले जुने स्वस्त राउटर आता यात बसत नाहीत. १६ एमबी आणि १२८ एमबीच्या खाली जाऊ नये. चुकीची फाइल टाकली तर डबा कायमचा बंद पडू शकतो आणि वॉरंटीचा प्रश्नही येतो.

या प्रकल्पाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःचा राउटरच बाजारात आणला, ओपनडब्ल्यूआरटी वन. तेव्हा किंमत केससकट ८९ डॉलर होती. चुकीचं सॉफ्टवेअर टाकलं तरी परत जिवंत करता यावा, अशी त्याची रचना आहे. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या डब्यात शिरून सुरू झालेल्या कामाचा हा स्वतःचा डबा.

सांभाळणार कोण?

आता शेवटचा प्रश्न, जो तांत्रिक नाही. आपल्या घरातल्या मुलाने हौसेने सगळं उभं केलं. चार नेटवर्कं, दोन जोडण्या, सगळं झकास. सहा महिन्यांनी कंपनीने त्याला पुण्याला ऑफिसात बोलावलं. आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत दुकानातलं बिलिंग बंद पडलं. लाइनवाला येतो, डबे बघतो आणि म्हणतो, "आमची लाइन बरोबर आहे, हे तुमचं तुम्ही बघा." त्याचं चूक नाही. आता वडिलांनी काउंटर सोडून फोनवर कमांड टाइप करायच्या का?

म्हणून स्वतःचा राउटर बनवणाऱ्याने तीन गोष्टी करूनच ठेवाव्यात. सेटिंगचा बॅकअप. कुठली तार कुठे जाते, हे मराठीत किंवा घरच्या भाषेत लिहिलेला कागद, डब्याशेजारी चिकटवलेला. आणि कंपनीचा मूळ डबा, तार जोडली की लगेच चालेल अशा स्थितीत. हे तिन्ही नसेल, तर तो प्रयोग स्वतःच्या खोलीपुरता ठेवावा. दुकान त्यावर टांगू नये.

जोडणीच्याही अटी आधी विचाराव्यात. लाइनवाला ओएनटी ब्रिज मोडवर टाकून देईल का? लॉगिनचं नाव आणि पासवर्ड देईल का? ब्रिज मोड नसेल, तर एकामागे एक असे दोन वॉचमन बसतात आणि बाहेरून कॅमेरे बघण्यासारख्या गोष्टी अडतात. बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र आयपी पत्ताही मिळत नाही. तो हवा असेल तर वेगळा मागावा लागतो.

मग निर्णय काय?

फक्त रेंजची तक्रार असेल, तर राउटर बनवू नका. डबा मध्यावर आणा, वर केबलने ॲक्सेस पॉइंट जोडा.

डबाच जुना असेल, तर दोन्ही पट्टे, वायफाय ६ आणि गिगाबिट पोर्ट असलेला तयार राउटर घ्या. साधारण अडीच ते चार हजारांत काम होतं. मॉडेलला शेवटचं अपडेट कधी आलं, ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघून घ्या. ६ई किंवा ७ चा महागडा डबा घेताना त्याच्या भारतीय मॉडेलमध्ये ६ गिगाहर्ट्झचा पट्टा खरंच चालू आहे का, हे विचारा. हा पट्टा भारतात मोकळा करण्याच्या नियमांचा मसुदाच मुळी मे २०२५ मध्ये आला, त्यामुळे जुन्या स्टॉकमध्ये तो बंद असू शकतो.

कॉल अडकतात, दुकान आणि घर वेगळं ठेवायचं आहे आणि घरात थोडी जाण असलेलं कुणी आहे, तर ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटर घ्या.

वेग ५०० च्या पुढचा, जोडण्या दोन, आणि शिकायची खरी आवड असेल, तर मिनी पीसी घेऊन जरूर बनवा. कागद तेवढा चिकटवून ठेवा.

आणि या चारपैकी काहीही करा अथवा करू नका, आज एक काम करण्यासारखं आहे. डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला ॲडमिन पासवर्ड अजून तोच असेल तर तो बदला, आणि सेटिंगमध्ये जाऊन अपडेट आलंय का ते बघा. त्याला दहा मिनिटं लागतात, आणि पैसे लागत नाहीत.